स्थलांतरितांच्या समुद्रप्रवासावर प्रकाशाचं मांडणशिल्प: लाटा दाखवायच्या की अंतर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका चित्रकाराला १८ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच अशा रिकाम्या दालनात, समुद्रमार्गे देश सोडणाऱ्या माणसांवर प्रकाशाचं मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) उभं करायचं आहे. आराखडा असा: चारही भिंतींवर प्रोजेक्टरनं लाटा, जमिनीलगत निळे एलईडी, समुद्राची गाज, मधोमध लाइफ जॅकेटांचा ढीग. आत शिरणाऱ्याला आपण त्याच बोटीत बसलो आहोत असं वाटावं, ही इच्छा. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: प्रोजेक्टर किती लागतील, दिवे कोणते घ्यावेत, आणि हा सगळा प्रकार दुसऱ्याच्या दुःखाचा तमाशा होऊ नये म्हणून काय करावं.

मी बावीस वर्षं प्रकाशयोजना करतो आहे. आधी नाटकांची केली, नंतर दालनांतल्या मांडणशिल्पांची. मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर ठरलं की पहिले दोन पुष्कळसे आपोआप सुटतात.

प्रेक्षकाला बोटीत बसवू नका. तो बोटीत नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याचे कपडे कोरडे आहेत, खिशात फोन आहे, वीस पावलांवर दार आहे. चार भिंतींवर उसळणाऱ्या लाटा पाहून तो पहिलं मिनिटभर भारावेल, दुसऱ्या मिनिटाला फोटो काढेल आणि तिसऱ्या मिनिटाला बाहेर जाईल. जाताना ‘काय अनुभव होता’ असं मनापासून म्हणेल, आणि तिथेच त्या माणसांवर अन्याय झालेला असेल. त्याला प्रामाणिकपणे देता येण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. रात्री समुद्रावरच्या माणसाला जे दिसतं, ते तुम्ही त्याला दाखवू शकता. म्हणजे जवळजवळ काहीच नाही, आणि त्या काहीच नसण्यात एखादा दिवा, जो किती लांब आहे ते कळत नाही. तुमचा विषय ते अंतर आहे, असं मला वाटतं.

हे अंतर मोजता येतं. रबरी बोटीत दाटीवाटीनं बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम १ मीटर वर असतात. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचं क्षितिज साडेतीन किलोमीटरवर संपतं. किनाऱ्यावर ३० मीटर उंचीवर दीपगृहाचा दिवा असेल, तर हवा स्वच्छ असताना तो त्याला साधारण २३ किलोमीटरवरून दिसू लागेल. माणसांनी खच्चून भरलेली बोट ताशी आठ-नऊ किलोमीटरनं चालली, तर अडीच-तीन तास हा माणूस एकाच ठिपक्याकडे बघत राहणार. बोट दोन लाटांच्या मधल्या खोलगटात गेली की ठिपका गडप, वर आली की पुन्हा हजर. जवळ येतोय की नाही, कळायला मार्ग नाही. अंधारातल्या प्रकाशबिंदूला आकार नसतो, त्यामुळे अंतराचा अंदाज ज्या खुणांवरून बांधायचा त्या सगळ्या नाहीशा झालेल्या असतात.

आता दालनात हे कसं आणायचं? काही वर्षांपूर्वी मी सहज एक प्रयोग केला. साधा ५ मिलिमीटरचा पांढरा एलईडी घेतला, त्यावर जाड काळा कागद गुंडाळला आणि टाचणीनं एक भोक पाडलं. तो भिंतीला घट्ट चिकटवला, खोलीत मिट्ट काळोख केला आणि दोन सहकाऱ्यांना आत बसवलं. पाचेक मिनिटांनी एकानं विचारलं की याला मोटर कुठली लावली आहे. दुसऱ्याला दिवा डावीकडे सरकताना दिसत होता, पहिल्याला वर-खाली होताना. मोटर नव्हतीच. निखळ अंधारात एकच स्थिर ठिपका असला, आजूबाजूला ताडून पाहायला दुसरं काही नसलं, की तो थोड्या वेळानं हलल्यासारखा वाटू लागतो. वैमानिकांना रात्रीच्या उड्डाणाच्या शिक्षणात या भासाबद्दल मुद्दाम सावध केलं जातं. तुम्हाला समुद्राचं हेलकावणं दाखवायचं आहे ना? ते बघणाऱ्याच्या डोळ्यांतच तयार होतं. तुम्ही फक्त अंधार सांभाळायचा.

म्हणून प्रोजेक्टरचं माझं उत्तर: एकही नको. प्रोजेक्टरचा काळा रंग काळा नसतो. पडद्यावर काहीही नसतानाही त्यातून करडा उजेड झिरपत राहतो, आणि अशी चार यंत्रं लावलीत तर दालनात पहाट होते.

लाइफ जॅकेटांच्या ढिगाबद्दलही थोडं बोललं पाहिजे. चिनी कलावंत आय वेईवेई यांनी २०१६ मध्ये ग्रीसच्या लेस्बॉस बेटावरून आणलेली स्थलांतरितांची सुमारे १४,००० जॅकेटं बर्लिनच्या कॉन्झर्टहाउस या संगीतगृहाच्या खांबांना बांधली होती. ती प्रतिमा एकदा होऊन गेली, तिच्या सावलीत काम करू नका. जॅकेटातली एक छोटी वस्तू मात्र मला मांडणशिल्पाच्या दृष्टीनं मोलाची वाटते. जहाजांवरच्या सुरक्षेसाठी जो ‘सोलास’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याखालच्या नियमांप्रमाणे लाइफ जॅकेटला एक दिवा लागतो. दिवा पांढरा हवा, त्याची तीव्रता किमान ०.७५ कॅन्डेला हवी आणि तो किमान ८ तास टिकायला हवा. लुकलुकणारा असेल तर मिनिटाला ५० ते ७० वेळा लुकलुकायला हवा. मेणबत्तीची ज्योत साधारण १ कॅन्डेलाची असते, म्हणजे पाण्यात पडलेला माणूस सापडावा म्हणून जगानं ठरवलेला प्रकाश एका मेणबत्तीहूनही कमी आहे. मिनिटाला ५० ते ७० हा शांत बसलेल्या माणसाच्या नाडीच्या आसपासचा वेग आहे. आणि चोरट्या मार्गानं निघालेल्यांच्या अंगावर जी स्वस्त जॅकेटं चढवली जातात, त्यांना हा दिवा असेलच याची काही खात्री नसते. काहींमध्ये तर सामान बांधायचा फोम भरलेला सापडला आहे, जो तरंगण्याऐवजी पाणी शोषतो.

तर ढिगाऐवजी एका माणसामागे एक दिवा घ्या. पण किती दिवे? आकडा शोभेसाठी वापरू नका. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या नोंदींप्रमाणे २०१४ पासून भूमध्य समुद्रात मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांची संख्या ३०,००० च्या पुढे गेली आहे. एवढे ठिपके डोळ्यांना आकाशगंगेसारखे सुंदर दिसतील, आणि सुंदर दिसणं इथे घातक आहे. एकच बोट निवडा. उदाहरणार्थ, ३ ऑक्टोबर २०१३ ला इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ बुडालेल्या बोटीत ३६८ माणसं गेली. ३६८ हा आकडा डोळ्यांच्या आवाक्याच्या जरा पलीकडचा आहे, माणूस मोजायला लागतो आणि मध्येच चुकतो. मात्र खरी बोट घेतलीत तर वाचलेल्यांशी किंवा गेलेल्यांच्या नातेवाइकांशी आधी बोला. त्यांनी नको म्हटलं तर नको.

प्रत्येक दिव्याचं लुकलुकणं वेगळं ठेवा. एखादा मिनिटाला ५२, दुसरा ५७, तिसरा ६६. सगळे एका कळीनं चालवलेत तर ती लग्नाची रोषणाई होईल. वेगवेगळे ठेवले की मधूनच शेजारचे तीन-चार दिवे एका तालात येतात आणि पुन्हा सुटतात. बघणारा त्या क्षणाची वाट पाहू लागतो, आणि अंधारात वाट पाहायला लावणं हे या कामात फार मोठं यश आहे. यासाठी मध्यवर्ती नियंत्रण लागत नाही, प्रत्येक दिव्याचं आपलं छोटं सर्किट पुरतं.

आणखी एक सुचवतो, पटलं तर घ्या. नियमातले ते ८ तास तुमच्या दालनाच्या वेळेवर बसवा. सकाळी दार उघडताना सगळे दिवे चालू, आणि मग दिवसभरात ते एकेक करून विझत जातील. अकरा वाजता आलेला आणि सहा वाजता आलेला, दोघं वेगळं काम बघतील. सेल खरोखर संपू देण्याचा मोह होतो, मलाही झाला होता. पण लिथियमचे सेल पूर्ण रिकामे झाले की खराब होतात, तेव्हा निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घ्या किंवा सर्किटमध्येच वेळ घाला. रोज रात्री ३६८ दिवे पुन्हा तयार करायला दोन माणसं लागतील. तो खर्च आराखड्यात आधीच धरा.

आता एक हिशेब, ज्यात मी स्वतः तोंडघशी पडलो होतो. ०.७५ कॅन्डेलाचा दिवा अंधाऱ्या रात्री दीड-पावणेदोन किलोमीटरपर्यंत कसाबसा दिसतो. तसाच दिवा दालनात १० मीटरवर लावला तर तो डोळ्यांत घुसतो, आणि असे ३६८ लावले की त्या उजेडात पेपर वाचता येतो. अंतर दहापट झालं की प्रकाश शंभरपट मंदावतो. म्हणजे १० मीटरवरचा दिवा १ किलोमीटरवर असल्यासारखा वाटायचा असेल, तर तो १०,००० पट मंद हवा. मी आधी डिमरनं खाली आणायचा प्रयत्न केला. दिवे नियंत्रित करायच्या डीएमएक्स या पद्धतीत साध्या ८ बिटांच्या चॅनेलमध्ये २५६ पायऱ्या असतात. भर उजेडात त्या कळत नाहीत, पण अगदी तळाशी १ वरून २ वर गेलं की प्रकाश एकदम दुप्पट होतो आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो गचका स्पष्ट दिसतो. १६ बिटांचं नियंत्रण बरं, त्यात ६५,५३६ पायऱ्या मिळतात. पण खरा उपाय फार साधा निघाला. एलईडी मधल्या पातळीवर आरामात चालू द्यायचा आणि त्याच्यापुढे न्यूट्रल डेन्सिटी जेलचे, म्हणजे रंग न बदलता प्रकाश कमी करणाऱ्या करड्या पारदर्शक कागदाचे, थर लावायचे. १.२ क्रमांकाचा एक थर प्रकाशाचा सोळावा हिस्सा पुढे सोडतो, तीन थर मिळून सुमारे चार हजारावा. त्यापुढे टाचणीचं भोक. झालं काम.

एवढा मंद प्रकाश दिसायला डोळेही तयार हवेत. डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास लागतो आणि तेवढा वेळ कोणी देत नाही. पण पहिल्या पाच-सात मिनिटांतच पुष्कळ फरक पडतो, आणि ती मिनिटं तुम्ही मिळवू शकता. दारापाशी सातेक मीटरचा बोळ करा, काटकोनात दोन वळणं घ्या, भिंतींना चकाकी नसलेला काळा रंग द्या आणि आत फक्त मंद लाल दिवा ठेवा. अंधुक उजेडात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यांतल्या पेशी गडद लाल प्रकाशाला जवळजवळ दाद देत नाहीत. म्हणून लाल उजेडात वाचलं तरी अंधाराची तयारी मोडत नाही. जहाजावरचे खलाशी रात्री नकाशे लाल दिव्यात वाचत आले, ते याचसाठी. तुमचा माहितीफलक इथेच लावा: कोणती बोट, कुठून निघाली, कधी, किती माणसं. तो सावकाश वाचायला लागणारी मिनिटं म्हणजेच डोळे सरावायची मिनिटं.

फलक हवाच, आणि याबाबतीत माझं मत ठाम आहे. स्विस कलावंत क्रिस्टोफ ब्यूखेल यांनी २०१९ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, एप्रिल २०१५ मध्ये शेकडो स्थलांतरितांसह बुडालेली खरी बोट आणून ठेवली. शेजारी काहीही माहिती नव्हती, जवळच कॅफे होता, आणि लोक कॉफी घेऊन तिच्यापुढे फोटो काढत होते. माहिती न देण्यामागे कलावंताची भूमिका असेल, पण मला ती मान्य नाही. ज्यांचं नाव-गाव आधीच पुसलं गेलंय, त्यांच्याबाबतीत मौन पाळणं हे पुसण्यातच भर घालणं आहे.

निळा रंग काढून टाका. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो आणि निळा सर्वांत खोल पोचतो, हे खरं. पण तो दिवसा बुडी मारणाऱ्याचा समुद्र आहे. माझ्या एका जुन्या कामात निळ्या एलईडींचा गालिचा होता. ज्यानं लहानपणी असा प्रवास केला होता, असा एक मध्यमवयीन गृहस्थ ते बघायला आला. बराच वेळ उभा राहिला आणि मग हळू आवाजात म्हणाला की त्या रात्री त्याला निळं काहीच दिसलं नव्हतं, पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं तेच कळत नव्हतं. त्यानं तक्रार केली नव्हती, नुसतं सांगितलं. त्या संध्याकाळी मी तो गालिचा बंद केला आणि उरलेले सगळे दिवस काम त्याशिवाय चालवलं.

तरीही लाटांची हालचाल हवीच असेल, तर ती बोळानंतरच्या पहिल्या भिंतीवर आणि कमरेखालीच ठेवा. पारदर्शक तळाच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी, खालून एकच छोटा प्रखर दिवा आणि पाणी सावकाश हलवणारी पट्टी. पाण्याचा फुगीर भाग भिंगाचं काम करतो आणि पलीकडे प्रकाशाची जाळी नाचते. कुठल्याही व्हिडिओत तो जिवंतपणा येत नाही. वेग मात्र जपा. शरीराला सर्वांत जास्त त्रास होतो तो पाच-सहा सेकंदांना एक या गतीच्या हेलकाव्यांनी, बोट लागते ती त्यानंच. नजरेच्या कडांना सगळीकडे हालचाल दिसली की पाय जमिनीवर असूनही तेच होतं. माझ्या अगदी पहिल्या मोठ्या कामात चारही भिंतींवरचं क्षितिज साडेपाच सेकंदांत एकदा कलायचं. उद्घाटनाच्या दिवशी एक बाई मटकन खाली बसल्या आणि त्यांना उलटी झाली. मी त्यांना हात धरून बाहेर आणलं, पाणी दिलं. त्या बिचाऱ्या माझीच माफी मागत होत्या. दुसऱ्या दिवशी मी तो वेग बारा सेकंदांवर आणला आणि भिंतीलगत हाताला धरायला कठडा लावला. कठडा तुम्हीही लावा. प्रकाशातूनच काम करणारे अमेरिकी कलावंत जेम्स टरेल यांच्या १९८० च्या न्यूयॉर्कमधल्या व्हिटनी संग्रहालयातल्या प्रदर्शनात लोक प्रकाशालाच भिंत समजून टेकायला गेले आणि पडले, प्रकरण कोर्टात गेलं.

धुक्याचाही मोह होतो. डॅनिश-आइसलँडिक कलावंत ओलाफुर एलियासन यांनी २०१० मध्ये डेन्मार्कच्या आर्केन संग्रहालयात सुमारे ९० मीटरचा धुक्याचा बोगदा केला होता. आत दीड मीटरपलीकडे दिसत नसे, माणूस हात पुढे करून चाले. त्याचं नाव ‘दिन ब्लिंदे पासेजर’. शब्दशः अर्थ ‘तुझा आंधळा प्रवासी’, पण डॅनिश भाषेत जहाजात लपून प्रवास करणाऱ्यालाही ‘आंधळा प्रवासी’च म्हणतात. तुमच्या विषयाच्या इतक्या जवळ जाणारं दुसरं नाव माझ्या पाहण्यात नाही. पण तुमच्या कामाला दाट धुकं नको, त्यात ठिपके पसरट होतात. अगदी हलकं हेझ, म्हणजे हवेत जेमतेम जाणवणारं विरळ धुकं, हवं असेल तर ते सोडणारं पाण्यावर चालणारं यंत्र (हेझर) घ्या, आणि त्याआधी इमारतीच्या अग्निसुरक्षा अधिकाऱ्याला भेटा. स्मोक डिटेक्टरला धूर आणि हेझ यातला फरक कळत नाही. त्या भागाची यंत्रणा बंद ठेवायची परवानगी मिळाली, तर तेवढा वेळ तिथे पहाऱ्याला माणूस उभा ठेवावाच लागतो.

आवाजाबद्दल एवढंच: समुद्राची गाज किनाऱ्यावर ऐकू येते, भर समुद्रात नाही. लांबवर चालणारं एखादं छोटं इंजिन ठेवा आणि ते मधूनच बंद पडू द्या.

स्थलांतर केलेली माणसं कामात सहभागी होणार असतील, तर त्यांना कारागीर म्हणून मजुरी द्या, नाव द्यायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या, आणि प्रेक्षकांसमोर त्यांना कामाला बसवू नका. एलियासन यांच्याच ‘ग्रीन लाइट’ या उपक्रमात निर्वासित आणि प्रेक्षक मिळून दिवे जोडत. हेतू चांगला होता, पण २०१७ च्या व्हेनिसमध्ये माणसंच प्रदर्शनात मांडल्यासारखी वाटतात, अशी टीका झाली. ती मला रास्त वाटते.

शेवटी, बाहेर पडायच्या दाराचा हिरवा दिवा. तुमच्या दालनातली सर्वांत प्रखर वस्तू तीच असणार, आणि तुम्हाला ती झाकावीशी वाटेल. झाकायची नाही, नियमानं नाही आणि कामाच्या दृष्टीनंही नाही. आत येणाऱ्याच्या पाठीशी तो दिवा राहील अशी दिशा ठरवा, म्हणजे ठिपके बघताना तो डोळ्यांवर येत नाही. मी पूर्वी त्याच्याशी भांडायचो. आता दालन ठरवताना पहिली खूण त्याचीच करतो आणि बाकीचं सगळं त्याच्या विरुद्ध टोकाला मांडतो. उद्घाटनाच्या आधी एक दिवस काढून तुम्ही स्वतः आठही तास आत बसा, फोन बाहेर ठेवून. कुठला दिवा वेळेआधी विझतो, कुठल्या फटीतून उजेड येतो, कठडा हाताला कुठे संपतो, हे सगळं त्याच दिवशी कळतं. शेवटचा ठिपका गेला की मागे वळून बघा, जमिनीवर फक्त त्या दाराचा हिरवा पट्टा पडलेला असेल.